धागा: मँचेस्टर–डब्लिन–बेलफास्ट–स्कॉटलंड, भाड्याची गाडी आणि दोन वेळा बोट. सोलापुरातून आखणी कशी करावी?

कुंभारवेस

नमस्कार मंडळी. येत्या मेअखेरीस शाळांना सुट्टी असताना पंधरा दिवसांची सहल ठरवतोय. आम्ही सहा जण आहोत: मी, बायको, आई (६८), वडील (७२), मुलगा अकरा वर्षांचा आणि मुलगी सात वर्षांची. गाडी मी आणि बायको दोघं चालवणार.

ढोबळ मार्ग असा. मँचेस्टर विमानतळावर गाडी घ्यायची, उत्तर वेल्समधून होलीहेड बंदर गाठायचं, गाडीसकट बोटीनं डब्लिन. तिथं तीन रात्री. मग रस्त्यानं बेलफास्ट आणि जायंट्स कॉजवे. तिथून दुसऱ्या बोटीनं स्कॉटलंडमधलं केर्नरायन, पुढं ग्लासगो, एडिनबरा, लेक डिस्ट्रिक्ट करून परत मँचेस्टर.

व्हिसा एक लागतो की दोन? भाड्याची गाडी बोटीत घालू देतात का? बोटीचं तिकीट आत्ताच काढावं का? आईला गुडघ्याचा त्रास आहे, वडिलांना प्रवासात मळमळतं. ज्यांना यातलं नेमकं ठाऊक आहे त्यांनी सांगावं.

सातरस्ता

मार्ग चांगला निवडलाय. ब्रिटन, ब्रिटनच्याच अखत्यारीतलं उत्तर आयर्लंड आणि स्वतंत्र देश असलेलं आयर्लंड प्रजासत्ताक या तिन्हीकडं वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडं. पहिल्यांदा परदेशात गाडी चालवणाऱ्या सोलापूरकरानं डोव्हरहून फ्रान्सला गाडी नेण्यापेक्षा हा रस्ता धरावा. फ्रान्समध्ये बोटीतून उतरल्याबरोबर बाजू बदलते, आणि नेमक्या त्याच वेळी माणूस थकलेला असतो.

बोटीचं तिकीट सगळ्यांत सोपं काम आहे, पंधरा मिनिटांत निघतं. म्हणूनच लोक ते आधी काढून बसतात आणि मग अडकतात. क्रम उलटा ठेवा. पहिल्यांदा व्हिसा, मग गाडी आयर्लंडला न्यायची भाडेकंपनीची लेखी परवानगी, मग बोट. परवानगी मिळाली नाही तर बोटीचं तिकीट काय कामाचं? विमान आणि हॉटेल मधे कुठंही बसतात, फक्त रद्द करता येतील अशीच घ्या.

विजापूरवेस

आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे, तर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना एकत्र चालणारा, काढावा लागेल ना? म्हणजे ब्रिटनचा एक आणि शेंगेनचा एक.

सातरस्ता

नाही. आयर्लंड युनियनमध्ये आहे, पण शेंगेनमध्ये नाही. शेंगेन व्हिसावर डब्लिनला उतरता येत नाही.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी ब्रिटन आणि आयर्लंडची एक सामायिक योजना २०१५ पासून चालू आहे, तिला बीआयव्हीएस म्हणतात. दोन्हींपैकी एका देशाचा अल्पमुदतीचा पर्यटक व्हिसा काढायचा, त्यावर बीआयव्हीएसचा शेरा असला की त्याच व्हिसावर दुसऱ्या देशातही जाता येतं. वेगळा अर्ज नाही. अट एकच, पण ती मोडली की सगळं बिघडतं: ज्या देशानं व्हिसा दिला त्याच देशात आधी उतरायचं. कुंभारवेस दादा आधी मँचेस्टरला उतरतायत, म्हणजे ब्रिटनचा व्हिसा काढायचा. स्वस्त मिळतं म्हणून कुणी थेट डब्लिनचं विमान घेतलं तर हाच व्हिसा तिथं चालणार नाही.

व्हिसा मंजूर झाला की सहाही जणांच्या व्हिसावर तो शेरा आहे का ते एकेक करून बघा. पोरांचा व्हिसा बघायचा राहतो बऱ्याचदा.

हुतात्मा_सकाळची

व्हिसाच्या कामाचं सांगते. ब्रिटनचा पर्यटक व्हिसा प्रवासाच्या तीन महिने आधीपासून मागता येतो, त्याआधी नाही. निर्णयाला साधारण तीन आठवडे धरतात. उन्हाळ्यात गर्दी असते म्हणून सहा धरा. मेअखेरीस जायचं तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात अर्ज भरून टाका.

बोटांचे ठसे द्यायला पुण्याचं केंद्र आपल्याला सोयीचं. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली की पुण्यात साडेदहा-अकरापर्यंत पोचता येतं, त्यामुळे वेळ दुपारची घ्या. सकाळी नऊची घेतली तर आदल्या रात्री मुक्काम आला. सहा जणांच्या वेळा एकापाठोपाठ घ्या. प्रत्येकाचा अर्ज वेगळा असतो, मुलांचासुद्धा.

अर्जातल्या प्रवासाच्या वर्णनात आयर्लंडचे दिवस आणि बोटीनं जाणार हे स्पष्ट लिहा. पक्कं तिकीट जोडावं लागत नाही. आई-वडिलांचा खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र आणि तुमच्या बँकेचा सहा महिन्यांचा उतारा जोडा. उताऱ्यात अचानक मोठी रक्कम जमा झालेली दिसली तर ती कुठून आली याचा कागदही हवा. शेतमालाचे पैसे असतील तर बाजार समितीतली पट्टी चालते.

जुनी_मिल

लायसनबद्दल. ब्रिटनमध्ये पाहुण्याला आपल्या देशाच्या लायसनवर बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, आयर्लंडमध्येही तसंच. तरीही आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी, काढून ठेवा. भाडेकंपनीच्या काउंटरवरचा माणूस मागू शकतो, आणि त्यानं मागितल्यावर कायदा सांगत बसून गाडी मिळत नाही.

आयडीपी आपल्याच आरटीओत, एमएच १३ ला मिळतो. सारथी पोर्टलवर अर्ज, नमुना ४ ए, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट यांच्या प्रती सोबत ठेवा. फार आधी काढू नका, मुदत काढल्या तारखेपासून मोजली जाते. एप्रिलमध्ये काढला तर उत्तम. आयडीपी एकटा चालत नाही, मूळ लायसन बरोबर लागतंच.

इथं घोळ होतो तो नावाचा. लायसनवर आडनाव आधी, पासपोर्टवर नंतर, बायकोचं लायसन माहेरच्या नावाचं आणि पासपोर्ट सासरच्या. भाडेकंपनी लायसन, पासपोर्ट आणि क्रेडिट कार्ड या तिन्हींवरची नावं जुळवते. फरक असेल तर लायसनवरचं नाव आत्ताच दुरुस्त करून घ्या, त्याला वेळ लागतो. अजून जुनं पुस्तकाचं लायसन असेल तर तेही स्मार्ट कार्डात बदला.

नवी_पेठ_मोटर

आता गाडीचं बघू. जरा सविस्तर लिहितो, कारण पैसे इथंच जातात.

सहा माणसं म्हणून सात आसनी घ्याल. पण सात आसनी गाडीत मागची ओळ उघडली की डिकी उरत नाही, दोन छोट्या बॅगा जेमतेम मावतात. सहा जणांचं पंधरा दिवसांचं सामान कुठं ठेवणार? नऊ आसनी व्हॅन घ्या, फोर्ड टूर्निओ किंवा फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टरच्या जातीची. चालक सोडून आठ आसनं आणि साडेतीन टनांपर्यंत वजन, इथपर्यंत आपलं साधं लायसन तिथं चालतं. फक्त लक्षात ठेवा, ही गाडी सुमारे दोन मीटर उंच असते. शहरातल्या मजली पार्किंगची उंची बऱ्याच ठिकाणी त्याच्या आसपास किंवा कमी असते, त्यामुळे हॉटेल घेताना उघडं पार्किंग बघा. गिअर ऑटोमॅटिक घ्या. पैसे जास्त पडतात, पण अनोळखी गोल चौकात एक काम कमी होतं.

बुकिंग करताना कंपनीला ईमेलनं हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या: गाडी आयर्लंड प्रजासत्ताकात आणि उत्तर आयर्लंडमध्ये नेऊ का, त्याचा जादा आकार किती, बोटीवर असताना गाडीला इजा झाली तर विमा लागू आहे का, आणि आयर्लंडमध्ये गाडी बंद पडली तर मदत कोण करणार. बोटीचा प्रश्न मुद्दाम विचारा. काही करारांमध्ये बोटीवरचं नुकसान विम्यातून वगळलेलं असतं आणि ते बारीक अक्षरात असतं. फोनवर कुणी ‘चालेल’ म्हटलं त्याला किंमत नाही.

परवानगी मिळाली की कंपनी व्हीई१०३ नावाचं प्रमाणपत्र देते. भाड्याची गाडी ब्रिटनबाहेर न्यायची तर मूळ नोंदणीपत्राऐवजी हे जवळ ठेवायचं असतं. काउंटरवर आठवणीनं मागून घ्या. ग्रीन कार्डची, म्हणजे गाडीचा विमा परदेशातही लागू आहे या दाखल्याची, गरज ऑगस्ट २०२१ पासून उरलेली नाही.

विम्यात ‘एक्सेस’ बघा, म्हणजे नुकसान झालं तर पहिली किती रक्कम आपल्या खिशातून जाते ती. हजार-दोन हजार पौंड सहज असते. काउंटरवर ती शून्य करून देतो म्हणतात आणि दिवसाचे भरपूर घेतात. त्यापेक्षा एक्सेसपुरता वेगळा विमा आधी ऑनलाइन स्वस्त मिळतो. तो भारतात राहणाऱ्यांना चालतो ना आणि त्यात आयर्लंड धरलंय ना, एवढं वाचून घ्या. टायर, काचा आणि गाडीचा खालचा भाग यांचं नुकसान मूळ विम्यात बहुधा नसतं. वेल्स आणि आयर्लंडच्या अरुंद रस्त्यांवर डावीकडच्या दगडी कुंपणाला टायर घासतो तो नेमका तिथंच.

अनामत मुख्य चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डवरच अडकवतात. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ते मुळात बंद असतात. मर्यादा पुरेशी ठेवा, अनामत परत सुटायला काही दिवस जातात.

कुंभारवेस

खूप आभार. मुलांच्या सीटचं काय? मुलगा १४० सेंटिमीटर आहे, वजन ३२ किलो.

नवी_पेठ_मोटर

बरं झालं उंची-वजन सांगितलंत. ब्रिटनमध्ये बारा वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर, जे आधी होईल तोपर्यंत सीट लागते. म्हणजे मुलाला मँचेस्टरमध्ये गरज नाही. पण आयर्लंड प्रजासत्ताकात १५० सेंटिमीटरपेक्षा कमी आणि ३६ किलोपेक्षा हलकं मूल असेल तर सीट बंधनकारक. बोटीतून डब्लिनला उतरल्याबरोबर त्याला बूस्टर लागणार. मुलीला तर दोन्हीकडं लागेल. भाड्यानं घेतलं तर दिवसावर पैसे घेतात. साधे बूस्टर मँचेस्टरमध्ये सुपरमार्केटमधून विकत घेतलेले परवडतात.

सातरस्ता

आता बोट. होलीहेड–डब्लिन मार्गावर स्टेना लाइन आणि आयरिश फेरीज या दोन कंपन्या आहेत, मोठ्या जहाजाला सव्वातीन तास लागतात. आयरिश फेरीजची एक वेगवान बोट हंगामात साधारण सव्वादोन तासांत नेते, पण ती हलकी असल्यामुळे लाटा वाढल्या की आधी तीच रद्द होते. वडिलांना मळमळतं म्हणताय, तर मोठंच जहाज घ्या. परतीला बेलफास्ट–केर्नरायन स्टेनाची सव्वादोन तास, किंवा लार्न–केर्नरायन पी अँड ओची दोन तास.

भाडं गाडीच्या लांबी-उंचीवर आणि माणसांवर ठरतं. बुकिंगच्या पानावर ‘कार’ असं आपोआप भरलेलं असतं, ते तसंच सोडू नका. नऊ आसनी व्हॅनची लांबी-उंची कंपनीच्या संकेतस्थळावरून घेऊन तीच भरा. टपावर पेटी लावलीत तर उंची तिच्यासकट मोजायची. कमी उंची लिहून गेलात तर कर्मचारी फरकाचे पैसे मागतात, आणि त्या रांगेत जागा नसेल तर पुढच्या बोटीवर ढकलतात. जहाजाच्या गाडीतळात उंच वाहनांच्या रांगा वेगळ्या असतात, तिथं दहा सेंटिमीटरसुद्धा महत्त्वाचे.

गाडीचा नंबर विचारतात तेव्हा लोक गोंधळतात, कारण भाड्याच्या गाडीचा नंबर काउंटरवर पोचेपर्यंत कळत नाही. भाड्याची गाडी आहे असं नोंदवून पुढं जा, आणि मँचेस्टरला चावी हातात आल्यावर बुकिंगमध्ये नंबर भरा. बंदरावरचा कॅमेरा नंबर वाचूनच तुमचं बुकिंग शोधतो. तो भरलेला नसला की खिडकीवर वेळ जातो.

तिकिटाचे प्रकार वाचून घ्या. सगळ्यांत स्वस्तात तारीख बदलायला पैसे पडतात. पहिल्या बोटीला वेळ बदलता येईल असं तिकीट घ्या, कारण तिच्याआधी तुमचं विमान आहे. विमान उतरलं त्याच दिवशीची बोट कधीही धरू नका. मँचेस्टर विमानतळ ते होलीहेड साधारण १८५ किलोमीटर. रात्रभर जागून, नव्या गाडीत, ते अंतर कापायचं नाही. पहिली रात्र चेस्टर किंवा कॉनवीत काढा आणि दुसऱ्या दिवशी दुपारची बोट घ्या.

मेअखेरीस जाताय म्हणून आणखी एक. मे महिन्याचा शेवटचा सोमवार ब्रिटनमध्ये सार्वजनिक सुट्टी, त्या आठवड्यात तिथल्या शाळाही बंद असतात. आयर्लंडमध्ये जूनचा पहिला सोमवार सुट्टीचा. या दोन सोमवारांच्या आगेमागे शुक्रवार ते मंगळवार बोटी भरतात आणि भाडं चढतं. बुधवार-गुरुवार धरा.

शेंगाचटणी

खाण्याचं कुणी बोललं नाही अजून, आणि डब्लिनच्या बंदरावर नेमकं तेच विचारतात.

भारतातून ब्रिटनमध्ये दूध आणि दुधाचे पदार्थ, मांस आणि बटाटे नेता येत नाहीत. ब्रिटनमधून आयर्लंडला जाताना तुम्ही युरोपियन युनियनमध्ये शिरता, तिथंही दूध-मांस बंद. म्हणजे तूप, पेढे, खवा, बासुंदीची पावडर घरीच ठेवायची. मँचेस्टरच्या दुकानात घेतलेलं चीज आणि हॅम सँडविचसुद्धा बोटीत चढण्याआधी किंवा बोटीतच संपवायचं. लहान बाळाच्या दुधाला सूट आहे, तुम्हाला ती लागणार नाही. ताजी फळं-भाज्याही युनियनमध्ये नेऊ नका, केळी, खजूर, नारळ आणि अननस सोडून. ताजा कढीपत्ता तर अजिबात नको.

आपली शेंगाचटणी, कडक भाकरी, जवसाची चटणी, भाजलेल्या शेंगा, तेलाचं लोणचं हे सगळं चालतं. चटणी घरच्या डब्यात न नेता बंद पाकिटातली न्या आणि पाकिटावर घटक इंग्रजीत छापलेले असू द्या. अधिकाऱ्याला लाल पूड काय आहे ते समजावत बसायला नको. कडक भाकरी या सहलीला फार उपयोगी: डबा न उघडता दोन आठवडे टिकते आणि बोटीवर मळमळणाऱ्याला कोरडं काहीतरी लागतंच.

कुंभारवेस

धपाटे चालतील का? आई करून देणार म्हणते.

शेंगाचटणी

दह्यात भिजवलेले नकोत, पाण्यात भिजवलेले न्या आणि पहिल्या दोन दिवसांत संपवा.

सातरस्ता

बोटीत चढायचा क्रम लिहितो, म्हणजे आई-वडिलांनाही आधी सांगता येईल.

बंदरावरची नोंदणी सुटायच्या अर्धा तास आधी बंद होते. तिकिटावर छापलेली वेळ अंतिम माना. तुम्ही दीड तास आधी पोचा. खिडकीवर सगळे पासपोर्ट एकत्र द्या आणि तिथंच सांगा, ‘आईला जिना चढता येत नाही, लिफ्टजवळ गाडी लावायचीय.’ हे आत गेल्यावर सांगून उपयोग नाही, कारण तुम्हाला कोणत्या रांगेत उभं करायचं हे खिडकीवरच ठरतं. गाडी दाटीवाटीनं लावतात, दार अर्धंच उघडतं. म्हातारं माणूस असेल तर उतरायला तेवढी जागा सोडायला सांगा.

आत कर्मचारी हातानं खुणा करतो, त्याच्याकडंच बघा, आरशात बघत बसू नका. तो थांब म्हणेपर्यंत पुढच्या गाडीला अगदी खेटून न्यायची. मग हँडब्रेक लावा, ऑटोमॅटिक असेल तर पी, गिअरची असेल तर पहिला गिअर, इंजिन बंद. आणि गाडीचा अलार्म बंद करा. जहाज हललं की गाडीतला झुकाव ओळखणारा सेन्सर समजतो की गाडी कुणी उचलतंय, मग तो तीन तास कोकलतो आणि बॅटरी उतरते. भाड्याच्या गाडीत तो सेन्सर बंद करायची कळ कुठं आहे ते मँचेस्टरच्या काउंटरवरच विचारून ठेवा.

उतरताना वर न्यायची एक पिशवी आधीच वेगळी ठेवा: पासपोर्ट, औषधं, स्वेटर, मुलांचं खाणं, चार्जर. बोट निघाली की गाडीतळाला कुलूप, कुणालाही खाली सोडत नाहीत. आणि तळाचा मजला व जिन्याचा क्रमांक-रंग यांचा मोबाइलवर फोटो काढा. सगळे जिने एकसारखे दिसतात, आणि उतरायच्या घोषणेनंतर दहा मिनिटांत तुम्ही गाडीत नसलात की मागची अख्खी रांग अडते.

मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. जहाजावर उपग्रहाचं स्वतंत्र नेटवर्क असतं, आपलं सिम आपोआप त्याला चिकटतं आणि ते भारतातल्या बहुतेक रोमिंग पॅकमध्ये बसत नाही. जहाजाचं वायफाय वापरा. रोमिंग पॅक घेताना त्यात ब्रिटन आणि आयर्लंड ही दोन्ही नावं वेगवेगळी वाचून घ्या.

हुतात्मा_सकाळची

मळमळीबद्दल: ॲव्होमिन किंवा तत्सम गोळी बोट सुटायच्या आधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. तिच्यानं झोप येते, म्हणून उतरल्यावर जो गाडी चालवणार त्यानं ती घ्यायची नाही. दोघा चालकांनी उतरल्यावर कोण चालवणार ते बोटीत चढण्याआधीच ठरवा. काकांना प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी देऊ नका. त्यांना जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावर, बाहेरचं क्षितिज दिसेल असं बसवा. पुढचं टोक सगळ्यांत जास्त हलतं, आणि नेमकी तिथंच छान काचेची बैठक असते.

विजापूरवेस

हवामान बिघडून बोटच रद्द झाली तर?

सातरस्ता

रद्द झाली किंवा सुटायला दीड तासाहून जास्त उशीर होणार असेल तर पुढची बोट किंवा पूर्ण पैसे परत, यांतलं एक निवडायचा हक्क प्रवाशाला आहे. वादळामुळं रद्द झाली असेल तर नुकसानभरपाई किंवा फुकट हॉटेल मात्र मिळत नाही, तो खर्च प्रवास विम्यातून.

बंदरच बंद पडू शकतं, हेही धरून चला. डिसेंबर २०२४ मध्ये डॅराघ वादळानंतर होलीहेडच्या धक्क्यांचं नुकसान झालं आणि बंदर जानेवारी २०२५ च्या मध्यापर्यंत बंद राहिलं. मे-जूनमध्ये असं होणं दुर्मिळ, पण पर्यायी वाटा लिहून ठेवा. दक्षिण वेल्समधून फिशगार्ड–रॉसलेअर आणि पेम्ब्रोक–रॉसलेअर, किंवा लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेडहून बेलफास्ट, साधारण आठ तास. बर्कनहेडची वाट धरली तर तुमची सहल उलटी फिरवता येते, आधी बेलफास्ट मग डब्लिन, आणि मँचेस्टरहून ते जवळही पडतं. म्हणूनच डब्लिनचं हॉटेल रद्द करता येणारं घ्या.

जुनी_मिल

रस्त्याचे नियम थोडक्यात, पण तीन ठिकाणी तीन तऱ्हा आहेत हे ध्यानात ठेवा.

वेल्समध्ये वस्तीतली मर्यादा १७ सप्टेंबर २०२३ पासून ताशी २० मैल आहे, इंग्लंडमध्ये ३०. होलीहेडला जाणारा ए५५ मोठा आणि वेगवान आहे, पण कॉनवी गावात शिरलात की लगेच २०. आयर्लंड प्रजासत्ताकात पाट्या किलोमीटरमध्ये: मोटरवे १२०, राष्ट्रीय रस्ता १००, वस्ती ५०, आणि ग्रामीण स्थानिक रस्त्यांवर फेब्रुवारी २०२५ पासून ८० ऐवजी ६०. तुमच्या ब्रिटिश गाडीचा काटा मैलांचा असेल. किलोमीटर आत बारीक आकड्यांत असतात किंवा पडद्यावर बदलून घेता येतात. डब्लिन बंदरात रांगेत उभं असतानाच बदला.

बेलफास्टकडं जाताना सीमेवर नाका नाही, शिपाई नाही. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी झाली की समजायचं उत्तर आयर्लंड आलं, म्हणजे पुन्हा मैल आणि पुन्हा पौंड. तपासणी दिसत नसली तरी व्हिसाचा नियम लागू आहेच, पासपोर्ट हॉटेलात ठेवून जाऊ नका. सीमेनंतरच्या ए१ वर दुभाजकात मधेच उजवीकडं वळायची तोंडं आहेत, समोरची गाडी वेगवान रांगेत एकदम थांबू शकते. अंतर ठेवा.

दारूची मर्यादा स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये इंग्लंडपेक्षा कडक आहे. चालवणाऱ्यानं घ्यायचीच नाही, म्हणजे आकडे लक्षात ठेवायला नकोत.

नवी_पेठ_मोटर

टोल. डब्लिनभोवतीच्या एम५० वर जंक्शन ६ आणि ७ च्या मधे टोल आहे, पण नाका नाही, फास्टॅग नाही, फाटक नाही. वर कॅमेरे असतात. दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ईफ्लो या टोलवसुली सेवेच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून पैसे भरायचे. विसरलात की दंड भाडेकंपनीकडं जातो आणि ती त्यावर स्वतःचा कारकुनी आकार लावून तुमच्या कार्डातून महिन्याभरानं कापते. बंदरातून थेट बेलफास्टकडं एम१ धरला तर हा टोल लागत नाही, गॉलवेच्या बाजूला गेलात तर लागतो. बंदराचा बोगदा आणि एम१ वरचा टोल मात्र नाक्यावर भरता येतात.

पंपावर हिरवी नळी पेट्रोल, काळी डिझेल. चुकीचं इंधन पडलं तर चावी फिरवू नका, तिथूनच कंपनीला फोन. हे विम्यात धरत नाहीत.

कुंभारवेस

परतीची बोट बेलफास्टहून घ्यावी की लार्नहून? आणि संध्याकाळची घेऊन रात्री ग्लासगो गाठता येईल का?

सातरस्ता

आदल्या रात्री कुठं राहणार त्यावर बंदर ठरवा. कॉजवेजवळ राहिलात तर ए२ हा किनाऱ्याचा रस्ता धरून लार्न, तो रस्ता स्वतःच बघण्यासारखा आहे. बेलफास्ट शहरात राहिलात तर स्टेना. बेलफास्टमध्ये स्टेनाची एकाहून अधिक टर्मिनलं आहेत, केर्नरायनची बोट व्हीटी४ वरून सुटते, लिव्हरपूलची दुसरीकडून. मोबाइलच्या नकाशात ‘स्टेना बेलफास्ट’ एवढंच टाकू नका. डब्लिनलाही टर्मिनल १ आयरिश फेरीजचं आणि २ स्टेनाचं. केर्नरायनलाही दोन्ही कंपन्यांचे धक्के वेगवेगळे आहेत. जुन्या पुस्तकांत स्ट्रॅनरार लिहिलेलं सापडेल. तिथून बोटी नोव्हेंबर २०११ मध्येच हलल्या.

संध्याकाळची बोट नको. केर्नरायन ते ग्लासगो साधारण १३५ किलोमीटर, पण ए७७ बराचसा एकेरी पदरांचा आहे. बोटीतून तुमच्याबरोबर चाळीस-पन्नास ट्रक उतरतात, आणि स्कॉटलंडमध्ये अशा रस्त्यावर मोठ्या ट्रकला ताशी ४० मैलांची मर्यादा आहे. त्यांच्या रांगेमागं अडकून लोक वळणावर ओव्हरटेक करायला जातात. करू नका. त्या रस्त्यावर २००५ पासून सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत: एका ठिकाणी हळू होऊन पुढं पळवलं तरी दोन खांबांमधल्या वेळेवरून पकडतात.

सकाळची बोट घ्या. उतरल्यावर घाई करू नका; लॉक रायन या खाडीच्या काठानं दहा किलोमीटर उलट स्ट्रॅनरारला या, जेवा, पेट्रोल भरा. तासाभरात ट्रक पुढं निघून जातात आणि मग ए७७ मोकळा मिळतो. लेक डिस्ट्रिक्ट आधी करायचं ठरवलंत तर तिथूनच ए७५ धरा, ग्रेटनापर्यंत साधारण दीडशे किलोमीटर, ट्रकांची गोष्ट तिथंही तीच.

हुतात्मा_सकाळची

आणि ताई-दादा, बेलफास्टच्या यंत्रातून निघालेल्या नोटा उत्तर आयर्लंडच्या बँकांच्या असतात, ग्लासगोत स्कॉटिश बँकांच्या. पौंडच आहेत, पण मँचेस्टरमधले काही दुकानदार घेत नाहीत. त्या ग्लासगो-एडिनबऱ्यात खर्च करा, नाहीतर मँचेस्टरच्या पोस्टात किंवा बँकेत विचारून बदला.

कुंभारवेस

सगळ्यांचे मनापासून आभार. आज भाडेकंपनीला आयर्लंड, उत्तर आयर्लंड, बोटीवरचा विमा आणि व्हीई१०३ या चार प्रश्नांचं ईमेल पाठवलंय. उत्तर आलं की इथंच टाकतो. व्हॅनची नेमकी उंचीही विचारलीय.

नवी_पेठ_मोटर

ईमेलमध्ये दोन्ही चालकांची नावं आणि लायसन किती वर्षांचं आहे तेही लिहा. दुसऱ्या चालकाला वेगळे पैसे आणि वेगळी अट असू शकते. वहिनींचं नाव करारात नसेल तर त्यांनी चालवताना विमा लागू होत नाही.